कुंडावरचा पंचनामा

जयपूरच्या बनी पार्कातलं घर भाड्याने देताना घरमालकीण चाचीजींनी एकच अट घातली होती. घरात मांस-मच्छी शिजवायची नाही. आईने खाली बघत मान हलवली आणि नुकतेच सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या बाबांनी परेडवरच्या आवाजात “जी, बिलकुल नहीं” असं सांगून टाकलं. आम्ही मूळचे देवगडकडचे. छावणीतल्या क्वार्टरमध्ये होतो तोवर गावाहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर सुकट यायची, सुके बांगडे यायचे, आणि आई खिडकी-दारं उघडी टाकून ते भाजायची. शेजारच्या साताऱ्याच्या काकू वासावरूनच ताट घेऊन हजर व्हायच्या. बनी पार्कात आल्यावर ते सगळं एका दिवसात संपलं. बाबांना विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी लागली होती आणि माझं शिक्षण राजस्थानातच चाललेलं होतं, म्हणून आम्ही गावी न परतता जयपुरातच राहिलो.

आईने त्यावर तोडगा काढला. ती बटाट्याला माशाच्या तिखल्याचं वाटण लावायची, वर तिरफळं ठेचून टाकायची, शेजारी सोलकढीची वाटी ठेवायची आणि म्हणायची, “डोळे मिट आणि जेव.” आम्ही खरंच डोळे मिटून जेवायचो. तिची खोबरं खवणायची विळी मोरीजवळ असायची आणि तिच्या खर्र-खर्र आवाजात स्टेशनवरच्या गाड्यांच्या घोषणा, वर चाचीजींच्या देवघरातली घंटी आणि कडुलिंबावर ओरडणारे मोर असं सगळं मिसळून यायचं. चाचीजी एकट्याच वरच्या मजल्यावर राहायच्या. पती जाऊन बरीच वर्षं झालेली. एकच मुलगा होता, मुकेश. तो शाळकरी वयातच काविळीने गेला. त्याचा फोटो जिन्याच्या वळणावर होता, त्यामुळे वर जाताना प्रत्येकाला त्याच्याकडे बघावंच लागायचं. कैर-सांगरीची भाजी केली की चाचीजी वाटीभर खाली पाठवायच्या. आई वाटी रिकामी परत न देता त्यात सोलकढी भरून द्यायची. चाचीजींना ती फार आवडायची. “ये गुलाबी छाछ कैसे बनाती हो?” असं त्या दर वेळी विचारायच्या आणि आई दर वेळी तितक्याच उत्साहाने सांगायची.

अशा घरात मी माशांची डॉक्टर व्हायचं म्हणत होते, याचं आता मलाही हसू येतं. तेव्हा बाकीचेच हसायचे. पशुवैद्यकाचं शिक्षण मी बिकानेरला घेतलं. तिथे उंट, गाय, म्हैस, शेळी यांच्या वाट्याला जाडजूड पुस्तकं होती, आणि माशाच्या वाट्याला एका पुस्तकाच्या शेवटी मोजकी पानं. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, त्यामुळे शिकवणारेही ती पानं ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देत. मी ती घरी वाचली. इंटर्नशिपसाठी जयपुरात आले तेव्हा माझी नेमणूक काही महिने रोगनिदान प्रयोगशाळेत झाली, आणि तिथे मला माथुर मॅडम भेटल्या.

बुटक्या, सुती साडी नेसणाऱ्या, मनगटावर मोठ्या डायलचं पुरुषी घड्याळ बांधणाऱ्या माथुर मॅडम त्या इमारतीत कुणाच्या खिजगणतीत नव्हत्या. दिवसभर गायींचं रक्त, म्हशींचं शेण, गोणीत घालून आणलेल्या मेलेल्या कोंबड्या यांची रांग लागलेली असायची आणि ते सगळं काम त्या मुकाट्याने करायच्या. पण खोलीच्या एका भिंतीशी त्यांनी काचेच्या टाक्या मांडल्या होत्या. त्यांत मासे होते. तरुणपणी समुद्रकाठच्या एका संस्थेत जाऊन त्या माशांचे रोग शिकून आल्या होत्या आणि परत आल्यावर वाळवंटात त्या विद्येचं काय करायचं, असा प्रश्न त्यांना सगळ्यांनी विचारला होता. “राजस्थान में भी पानी है,” त्या म्हणायच्या, “और जहाँ पानी है वहाँ मछली बीमार भी पडती है.” कॉरिडॉरमधले लोक त्यांना मागून ‘मछलीवाली’ म्हणत. मी त्यांच्याकडे जायला लागल्यावर ‘छोटी मछलीवाली’ झाले.

मासा उघडायला त्यांनी मला शिकवलं. गाय-म्हशीचं शवविच्छेदन म्हणजे अंगमेहनत. इथे मात्र लहान कात्री, हलका हात आणि धीर लागतो. आधी कातडी बघायची, मग कल्ल्यावरचं झाकण उचलून कल्ल्याच्या फणीचा एक दात कापायचा आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, पोट शेवटी. मेलेला मासा आणलेला त्यांना चालत नसे. पाण्यातून बाहेर पडलेला मासा उन्हात थोडा वेळ पडला तरी आतून विरघळायला लागतो आणि मग तो काहीही सांगतो, त्याचं ऐकायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मरता मरता आहे असा मासा शोधा, तोच खरं सांगेल. हे वाक्य मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांना इतक्यांदा ऐकवलं, की ते माझंच आहे असं त्यांना वाटतं.

घरी आले की आई मला मोरीत उभं करून हातांना लिंबू चोळायला लावायची. चाचीजींना वास येऊ नये म्हणून. एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवलंच. मला वाटलं, आता घर सोडायला सांगणार. त्यांनी विचारलं, “बेटा, तुम मछलियों को बचाती हो या काटती हो?” मी म्हटलं, “चाचीजी, बचाने के लिए काटती हूँ.” त्या म्हणाल्या, “मैं तो सिर्फ खिलाती हूँ.”

ते मला ठाऊक होतं. सीकर रोडच्या बाजूला, शहर संपता संपता एका गावात जुनं मंदिर होतं आणि मंदिरासमोर पायऱ्या-पायऱ्यांचं खोल कुंड. त्यात मोठमोठे रोहू आणि कतला होते. कुणी त्यांना कधी पकडलं नव्हतं. दर ग्यारसला, म्हणजे आपल्या एकादशीला, चाचीजी पहाटे उठून परातभर कणीक मळायच्या, तिच्या बोराएवढ्या गोळ्या करायच्या आणि टेम्पोत बसून कुंडावर जायच्या. मुकेश गेल्यावर कुणा पंडिताने त्यांना सांगितलं होतं की, माशांना घातलेला घास मुलाला पोचतो. कुंडावर अशा कितीतरी बायका-पुरुष यायचे. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुणाची साडेसाती. गोळी पाण्यात पडली की माशांचं तोंड वर यायचं, गोल, पांढरट, आणि चाचीजी प्रत्येक तोंडाकडे बघून पुटपुटायच्या, “खा ले बेटा.” मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. मी तिथे काही बोलले नाही. बोलण्यासारखं मला तेव्हा काही दिसलंही नव्हतं.

भादव्यातले दिवस होते. आभाळ भरलेलं, पण पाऊस पडत नव्हता आणि पान हलत नव्हतं. अंगाला घाम चिकटून राहायचा. ग्यारस झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडातले मासे मेलेले दिसले. आम्हाला प्रयोगशाळेत बातमी कळेपर्यंत दुपार झाली होती आणि तोवर तिकडे बरंच काही होऊन गेलं होतं. कुंडाच्या वरच्या अंगाला कजोडजी नावाच्या रंगाऱ्याचं आवार होतं. कापड रंगवायचं, लाकडी ठप्प्यांनी त्यावर छपाई करायची आणि वाळत घालायचं, हा त्यांच्या घरचा धंदा. मासे तरंगताना दिसल्यावर कुणीतरी म्हणालं, रंगाचं पाणी. मग सगळेच म्हणाले. लोकांनी त्यांची रंगाची पिंपं फोडली, कापडाची ओली थानं चिखलात तुडवली आणि कजोडजी मध्ये पडले तेव्हा त्यांच्या उजव्या मनगटावर काठी बसली. पोलिसांनी त्यांना उचलून ठाण्यात बसवलं. अटक की संरक्षण, ते कुणालाच धड सांगता आलं नाही. ठाणेदारांचा निरोप घेऊन शिपाई आला होता. विष घातल्याचा रिपोर्ट लगेच पाहिजे, लोक भडकले आहेत.

आमचे वरिष्ठ साहेब म्हणाले, “लिख दो, विषबाधा की संभावना. संभावना लिखने में क्या जाता है?”

माथुर मॅडम आपल्या बॅगेत बाटल्या भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “जिसको पीटा है, उसका जाता है, सर.”

आम्ही गेलो तेव्हा कुंडाच्या पायऱ्यांवर माशांचा ढीग होता. वास इतका, की पुजाऱ्याने तोंडाला उपरणं बांधलं होतं. माझ्या हातापेक्षा लांब मासे, त्यांचे खवले सुटलेले, डोळे पांढरे. मी वाकून कल्ला उघडला आणि मॅडमनी मान हलवली. उपयोग नाही. त्या पाण्याच्या कडेने हळूहळू चालत गेल्या, उकिडव्या बसल्या आणि मला हाताने खुणावलं. शेवाळलेल्या पायरीशी बोटाएवढे मासे फिरत होते, जिवंत. दगडाला गोगलगायी, इकडे घोंघे म्हणतात त्या, चिकटलेल्या होत्या, त्याही जिवंत. “विष छोटे-बडे का लिहाज करता है क्या?” त्यांनी मला विचारलं. मग आम्ही कजोडजींच्या आवारातून निघणारी नाली शेवटपर्यंत चालत पाहिली. ती कुंडाच्या काठापर्यंत येत होती खरी, पण जोराचा पाऊस आला तरच तिचं पाणी कुंडात पडलं असतं. पाऊस नव्हताच. नालीचं तोंड वाळून भेगाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही परत कुंडावर होतो. बाबा मला आपल्या स्कूटरवरून सोडायला आले आणि काही न विचारता मंदिराच्या ओट्यावर बसून राहिले. उरलेले मोठे मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून हवा ओढत होते. कुंड नुसतं चुबक-चुबक आवाज करत होतं. तो आवाज मी त्यानंतर पुष्कळ तळ्यांवर ऐकला आहे आणि अजूनही त्याची सवय झालेली नाही. मॅडमनी खोलातलं पाणी काचेच्या बुचाच्या बाटलीत भरून घेतलं, त्यात दोन औषधांचे थेंब सोडले, बूच लावून बाटली उलटी-सुलटी केली आणि माझ्या हातात दिली. पाण्यात प्राणवायू असेल तर आत चहासारखा तपकिरी साका धरतो. माझ्या हातातल्या बाटलीत साका धरला तो दह्यासारखा पांढरा. पाण्यात मासा जगेल इतका वायूच नव्हता.

मग एक रोहू आमच्यासमोरच आडवा झाला. मी त्याला पायरीवर घेतलं आणि मॅडमच्या देखरेखीखाली उघडलं. कल्ल्यात किडा नव्हता, जखम नव्हती. यकृत बरं होतं. आतडं मात्र वरपासून खालपर्यंत पांढऱ्या कणकेने ठासून भरलेलं होतं. मी कात्री खाली ठेवली. मॅडमनी बांबू घालून कुंडाचा तळ ढवळला तर सडक्या अंड्यासारखा वास येणारा काळा गाळ वर आला आणि त्यात आंबलेल्या आट्याचे लोळे. वर्षानुवर्षं तळाशी बसलेले. मासे खातील त्याच्या कितीतरी पट लोक टाकत होते. दिवसा ऊन असलं की पाण्यातलं हिरवं शेवाळ वायू सोडतं, त्यावर सगळ्यांचं भागतं. अंधार पडला की तेच शेवाळ वायू ओढायला लागतं, आणि खाली सडणारा आटाही ओढतो. कितीतरी दिवस ऊन नव्हतं, वारा नव्हता. त्यात ग्यारसची गर्दी. मोठ्या माशांना जास्त लागतं, म्हणून ते आधी गेले.

“समझी?” मॅडमनी विचारलं.

मला समजलं होतं. मला जिन्याच्या वळणावरचा फोटो दिसत होता.

घरी आले तेव्हा आईने जेवण वाढलं. मी सगळं सांगितलं. आई हळूच म्हणाली, “तिका सांगू नको गो. त्या बायेक तेवढोच एक आधार आसा. रिपोर्ट लिहून टाका आणि गप ऱ्हवा. तिका खयसून कळतला?”

“कळेलच आई. उद्या सगळ्या गावासमोर सांगायचंय.”

“मग गावातून कळू दे. तुझ्या तोंडान नको.”

बाबा हात धुऊन येत होते. ते म्हणाले, “उलट आहे. ऐकायचंच असेल तर पोरीच्या तोंडून ऐकू दे. बाहेरचा माणूस सांगेल तो दगड मारल्यासारखा सांगेल.” आईने त्यांच्याकडे रागाने पाहिलं, पण नंतर तीच माझ्याबरोबर जिना चढून वर आली.

चाचीजी चाळणीने पीठ चाळत बसल्या होत्या. मासे मेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्या रंगाऱ्याला त्या सकाळपासून शिव्याशाप देत होत्या. मी खाली बसले आणि सांगायला लागले. मी काय शब्द वापरले ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी बोलत असताना त्यांची चाळणी हलत राहिली, मग हळू झाली, मग थांबली. माझं बोलून झालं. खाली स्टेशनवर कुठली तरी गाडी सुटत असल्याची घोषणा चालली होती.

“पेट में आटा था?” त्यांनी विचारलं.

“जी.”

“सब में?”

“मी एकच उघडला, चाचीजी,” मी मराठीतच बोलून गेले. त्यांना ते कळलं असावं.

त्यांनी चाळणी बाजूला ठेवली, उठून हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “तुम्हारी माँ को नीचे ले जाओ. रो रही है.” मी वळून पाहिलं तर आई दाराशी पदर तोंडात धरून उभी होती. आम्ही जिना उतरायला लागलो तेव्हा वरून आवाज आला, “कल मुझे साथ ले चलना.”

दुसऱ्या दिवशी ठाणेदारांनी पुजारी, गावातले जाणते आणि कजोडजी यांना मंदिराच्या चौकात बोलावलं होतं. कजोडजींचा हात फडक्याने गळ्यात बांधलेला होता. ते भिंतीशी बसले होते आणि त्यांच्याजवळची जागा सगळ्यांनी मोकळी सोडली होती. मॅडमना पहाटेपासून कुंडावर पाहून लोक आधीच कुजबुजत होते. मॅडम बोलायला लागल्या तसा गलका वाढला. सरकारी माणसं रंगाऱ्याला सामील आहेत, पैसे खाल्लेत, असं कुणी मागून ओरडलं. आटा खाऊन मासा मरतो हे कुणी ऐकलंय का? धर्माच्या कामात पाप शोधतात.

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी पुजाऱ्याकडे दोन लोटे मागितले आणि मला म्हणाल्या, “तू दिखा.” मी पहाटे भरून ठेवलेलं कुंडाचं पाणी घेतलं, एका बाटलीत औषध घातलं आणि बाटली वर धरली. पांढरा साका. मग कुंडाचं उरलेलं, औषध न घातलेलं पाणी लोट्यात ओतलं आणि एका लोट्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, उंचावरून ओतत राहिले. चहा निववतात तसं. चौकात आता फक्त त्या धारेचा आवाज होता. हात भरून आले तेव्हा ते पाणी बाटलीत घेतलं, तेच औषध घातलं. तपकिरी.

“इसमें क्या मिलाया?” पुजारी पुढे झाले होते.

“कुछ नहीं, महाराज. हवा.” मी म्हटलं. “पानी वही है. जहर होता तो हवा से जाता नहीं. इसमें साँस नहीं थी.”

पुजाऱ्याने दोन्ही बाटल्या हातात घेऊन उजेडात धरल्या. ते म्हातारे होते आणि त्या माशांवर त्यांचा जीव होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. “तो फिर पाप किसका हुआ?” त्यांनी विचारलं. प्रश्न मला होता की देवाला, कळेना.

तेव्हा बायकांच्या बाजूने चाचीजी उठल्या. पांढरा ओढणा सारखा करून त्या पुढे आल्या. “मैंने डाला है आटा,” त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. “हर ग्यारस को. इस ग्यारस को भी. बेटे के नाम का. जिस-जिस ने डाला है, वो अपने मन में देख ले. ये लडकी मेरे घर में रहती है. ये झूठ बोलती तो मुझे खुश करने के लिए बोलती.” मग त्या वळल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्या मोकळ्या सोडलेल्या जागेत कजोडजींसमोर जमिनीवर बसल्या. थोड्या वेळाने आणखी एक म्हातारी उठून त्यांच्याशेजारी बसली. लोक एक-एक करून निघून गेले. कुणी माफी मागितली नाही, पण परत ओरडलंही नाही.

मॅडमनी रिपोर्ट लिहिला. मासे गुदमरून मेले, रंगाचं पाणी कुंडात गेल्याचा पुरावा नाही. आणि खाली एक परिच्छेद जोडला, की पावसात ही नाली कुंडात उतरू शकते, तिची वेगळी तपासणी व्हावी. मी म्हटलं, मॅडम, त्या माणसाचं आधीच एवढं झालंय, हे कशाला? त्या म्हणाल्या, “आज उसके पक्ष में सच लिखा है. सच आधा लिखेंगे तो कल वो भी नहीं मानेगा, गाँव भी नहीं.” त्यांचं बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. तो परिच्छेद वाचताना मात्र आजही मला बरं वाटणार नाही.

मंदिराने कुंडात आटा टाकायला बंदी केली, तळाचा गाळ काढला. चाचीजींच्या ग्यारसच्या पहाटे रिकाम्या झाल्या. त्या लवकर उठायच्या, आम्हाला वर त्यांची पावलं ऐकू यायची, देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. काही आठवडे त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. मग एका ग्यारसला आई भल्या सकाळी कणीक घेऊन वर गेली आणि दोघींनी मिळून पोळ्या केल्या. स्टेशनबाहेर जी मुलं राहायची त्यांना देऊन आल्या. चाचीजींना त्यातून मुकेशपर्यंत काही पोचल्यासारखं वाटलं की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. पण पोळ्या करणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

कजोडजींचं मनगट वाकडं जुळलं. ठप्पा दाबायला जो जोर आणि जो नेमकेपणा लागतो तो त्या हातात परत आला नाही. आवार त्यांनी विकलं. बाबांनी आपल्या कारखान्यात शब्द टाकून त्यांना गेटवर बसायची नोकरी मिळवून दिली. हिवाळ्यात एकदा बाबा डबा विसरले म्हणून मी तो घेऊन विश्वकर्मा भागात गेले. गेटशी स्टुलावर खाकी स्वेटर घालून कजोडजी बसले होते. मला पाहून उठले, राम-राम केला. मी पुढच्या शिक्षणासाठी समुद्रकाठच्या कॉलेजात जाणार असल्याचं बाबांनी त्यांना सांगितलं होतं.

“मछलियों का ही पढोगी, बाईजी?”

“जी.”

त्यांनी मान डोलावली. डाव्या हाताने उजवं मनगट धरायची त्यांना सवय लागली होती. रस्त्यावरच्या ट्रककडे बघत, तक्रारीचा कुठलाही सूर न लावता ते म्हणाले, “बुरा मत मानना. मछलियाँ मरीं तो आप लोग मुँह-अंधेरे आ गए, दो-दो बार आए. पानी को देखा, नाली को देखा, घोंघे तक को देखा. मैं उतने दिन थाने में बैठा था, हाथ सूजा हुआ. मेरा हाथ किसी ने नहीं देखा.”

मी पशुवैद्य होते, मोडलेलं हाड मला ओळखता येत होतं. ठाणं कुंडापासून हाकेच्या अंतरावर होतं. त्या दिवसांत आमच्यापैकी कुणाला तिकडे जावंसं वाटलं नव्हतं. मला नाही, मॅडमना नाही, बाबांनाही नाही. आम्ही सगळे त्यांचीच बाजू मांडत होतो आणि त्यातच गुंतलो होतो. मी म्हटलं, “आपने सही कहा.” ते म्हणाले, “नहीं नहीं, आपने तो बचाया,” आणि गेट उघडायला गेले, कारण मागे ट्रक हॉर्न वाजवत होता.

पुढे मी मासे, कोळंबी, पाणी यांतच आयुष्य काढलं. शिकवलं, संशोधन केलं, आता या वयात पायऱ्या उतरताना विद्यार्थ्यांचा हात धरावा लागतो. अजूनही कुठून तरी फोन येतो. तळ्यात मासे मेलेत, मॅडम, लवकर या. विद्यार्थी कागद-पेन घेऊन बसतात, मी आधी पाण्याचा रंग विचारीन, किती मोठे मेले ते विचारीन, असं त्यांना वाटतं. मी विचारते, कुणावर संशय घेतलाय? फोनवरचा माणूस गोंधळतो, मग एखादं नाव सांगतो. नाव बहुतेक वेळा असतंच. मी विचारते, तो माणूस आत्ता कुठे आहे आणि त्याला कुणी हात लावलाय का? ते कळल्यावर मग मी बाटल्या भरायला सांगते.